दुसऱ्यांदा नवरी होताना : वाचकांचे प्रश्न

गेली ३१ वर्षं मी लग्नाचे कपडे शिवते. या सदराकडे कापड, माप, फिटिंग अशी सगळ्या तऱ्हेची पत्रं येतात, पण दुसऱ्या लग्नाच्या कपड्यांबद्दल कुणी लिहिलं की शेवटी 'कृपया नाव छापू नका' अशी ओळ हमखास असते. अशी तीन पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी ४३ वर्षांची आहे. घटस्फोटाला ६ वर्षं झाली. नऊ आठवड्यांनी माझं दुसरं लग्न आहे. समारंभ लहानसा, चाळीसेक माणसं. पहिल्या लग्नात कपड्यांपासून चपलांपर्यंत सगळं इतरांनी ठरवलं होतं, म्हणून या वेळी मला माझ्या मनासारखा पायघोळ पांढरा किंवा मोतिया ड्रेस हवा होता. घरात विषय काढला तर मोठी बहीण म्हणाली, "पांढरा पहिल्या लग्नाला शोभतो, आता जरा बेतानं घे." मावशी म्हणाली, "या वयात कशाला एवढं?" मग मी गप्प बसून एक राखाडी-तपकिरी तयार ड्रेस घेतला. ड्रेस चांगला आहे, पण घातला की मी दुसऱ्याच कुणाच्या लग्नाला निघाले आहे असं वाटतं. पांढरा घालणं खरंच चूक आहे का? आणि दंड आता जाड झालेत, बाह्या कशा ठेवू?

उत्तर : 'दुसऱ्याच कुणाच्या लग्नाला निघाले आहे' हे तुम्हीच लिहिलंत, आणि आरशासमोर बाईला जे पहिल्यांदा वाटतं ते बहुतेक वेळा खरं असतं. तो ड्रेस परत होत असेल तर करा. होत नसेल तर ठेवा, पाहुणी म्हणून जाताना घाला. तुमच्या लग्नासाठी तो नाही.

पांढरा घालणं चूक नाही. बहिणीशी बोलताना हाताशी असावं म्हणून थोडं मागचं सांगते. लग्नाचा पांढरा ड्रेस फार पुरातन आहे असं वाटतं, पण ती हौस पसरली ती राणी व्हिक्टोरियाच्या लग्नामुळे. १० फेब्रुवारी १८४० ला तिने पांढऱ्या साटिनचा पोशाख घातला, त्यावर इंग्लंडमधल्या हॉनिटन गावची लेस लावली आणि डोक्यावर मुकुटाऐवजी संत्र्याच्या फुलांचं कडं ठेवलं. त्याआधी युरोपातल्या राजघराण्यांत नवरी बरेचदा रुपेरी कापड नेसायची, आणि साध्या घरची मुलगी आपल्याकडचा सगळ्यात चांगला ड्रेस काढायची. तो कुठल्याही रंगाचा असे आणि पुढे वर्षानुवर्षं अंगावर दिसे. पांढऱ्याला पावित्र्याचा अर्थ मागाहून चिकटला. तो चिकटल्यावर मग दुसरेपणाचे नियम आले: दुसऱ्या खेपेच्या नवरीने पांढरा घालू नये, डोक्यावरून पातळ जाळी (व्हेल) घेऊ नये, संत्र्याची फुलं माळू नयेत. शिष्टाचाराच्या पुस्तकांत हे चक्क छापलेलं असायचं. जगात कितीतरी ठिकाणी तर पांढरा हा शोकाचा रंग आहे आणि लग्नाला लाल लागतो. रंगाला अर्थ माणसं देतात, आणि तुमच्या लग्नात तो देण्याचा पहिला मान तुमचा आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या लग्नांचे जे पोशाख गाजले त्यांची छायाचित्रं मी शिवणाऱ्या बाईच्या नजरेने पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. जिच्यासाठी आठव्या एडवर्डने इंग्लंडची गादी सोडली त्या वॉलिस सिम्प्सनचं त्याच्याशी ३ जून १९३७ ला फ्रान्समध्ये जे लग्न झालं ते तिचं तिसरं. तिने फिका निळा निवडला, आणि त्या निळ्याला पुढे तिचंच नाव पडलं. (तो ड्रेस आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये आहे. रंग मात्र पार उडाला आहे, कापड जपणाऱ्या कुणालाही पाहून हळहळ वाटेल.) जॅकलिन केनेडी २० ऑक्टोबर १९६८ ला ग्रीसच्या स्कॉर्पिओस बेटावर दुसऱ्यांदा उभी राहिली ती इटालियन डिझायनर व्हॅलेंटिनोच्या मोतिया लेसच्या आखूड ड्रेसमध्ये. गळा उंच, बाह्या लांब, खाली प्लीट्स. ब्रिटनच्या चार्ल्सशी लग्न करताना कॅमिलाने ९ एप्रिल २००५ ला, वयाच्या ५७ व्या वर्षी, एकाच दिवशी दोन पोशाख केले. विवाहनोंदणीला मोतिया ड्रेस आणि त्यावर कोट, नंतर चॅपेलमध्ये फिक्या निळ्या रंगाचा पायघोळ गाऊन आणि वर सोनेरी भरतकामाचा लांब कोट. तिघींचे कपडे एकमेकींसारखे नाहीत. पण एकीनेही अंग चोरलेलं नाही, हे तिन्ही छायाचित्रांत दिसतं.

अंग चोरणं काय असतं ते मला ठाऊक आहे. माझ्या दुसऱ्या लग्नाला आता १४ वर्षं झाली. तेव्हा मी ४६ वर्षांची होते. मीही राखाडी कापड आणलं होतं. चांगलं होतं, जड क्रेप. मनात यादी तयार होती: लाल नको, पहिल्या वेळी होता. चमक नको, लोक बोलतील. घेर नको, वयाला शोभत नाही. सगळं वजा करता करता जे उरलं ते मी टेबलावर अंथरलं, खडूने आखलं आणि कापायला घेतलं. आमच्याकडे काजे-बटणं करणारी मुलगी शेजारी बसली होती. तिने कापडावरून हात फिरवला आणि विचारलं, "ताई, ही कुणाची ऑर्डर?" माझं लग्न आठ दिवसांवर आहे हे तिला माहीत होतं. कापड बघून तिच्या मनातही आलं नाही की हे माझं असेल. मी कात्री खाली ठेवली. त्या संध्याकाळी शेंदरी रेशीम घेऊन आले आणि सहा रात्री जागून ड्रेस शिवला. कोपरापर्यंत बाह्या, चालताना पायाला लागेल एवढा घेर, उजव्या शिवणीत रुमालापुरता खिसा. तो खिसा मला हवा होता, कारण मला रडू येणार हे मला माहीत होतं. आलंही.

म्हणून माझ्याकडे दुसऱ्या लग्नासाठी बाई येते तेव्हा मी 'काय नको' हे ऐकून घेते, पण वहीत लिहीत नाही. वहीत मी दुसरं लिहिते: त्या दिवशी तुम्ही काय काय करणार आहात? कुणाला मिठी मारणार, किती वेळ उभ्या राहणार, खाली बसणार की खुर्चीवर, जिने आहेत का, नाचणार का, कुणाचं लहान मूल कडेवर घेणार का. ड्रेस तिथून सुरू होतो, मग तो गाऊन असो, साडीवरचं ब्लाउज असो की पँटसूट.

आता तुमच्या पांढऱ्याकडे येते. पांढरे पुष्कळ आहेत. नैसर्गिक रेशीम मुळात शुभ्र नसतंच, ते मोतियाकडे झुकतं. झगझगीत पांढऱ्या सुती किंवा पॉलिएस्टर कापडात बहुधा चकाकी आणणारं द्रव्य असतं, त्यामुळे उन्हात ते निळसर उजळतं आणि चाळिशीनंतरच्या चेहऱ्यावरचा थकवा उगाच ठळक करतं. मोतिया, सायीसारखा, अगदी हलकी गुलाबी झाक असलेला असे तीन-चार तुकडे वीतभर कापून आणा. समारंभ ज्या वेळी आहे त्याच वेळी खिडकीशी उभ्या राहा आणि एकेक तुकडा हनुवटीखाली धरा. नंतर रात्री दिव्याखाली पुन्हा बघा, कारण पिवळ्या उजेडात मोतिया आणखी पिवळा होतो. ज्या तुकड्याने कापडाआधी तुमचे डोळे दिसतात तो तुमचा. हे एकटीने करू नका. बहिणीलाच बोलवा. तिला वाद घालायला नव्हे, तुकडा धरायला सांगा. हातात काम आलं की माणूस मत बदलतं, हे मी फिटिंगच्या खोलीत कितीदा पाहिलं आहे.

कापडाचं म्हणाल तर साटिनवर बसल्याची प्रत्येक सुरकुती दिसते. जड क्रेप ती पोटात घेतं आणि अंगावरून नीट पडतं. या वयात अंगात अचानक गरम वाफा येतात, घाम फुटतो, हे बायका शेवटच्या फिटिंगला लाजत सांगतात. आधीच सांगा. मग मी पॉलिएस्टरचं अस्तर टाळते, पातळ सुती किंवा व्हिस्कोसचं लावते आणि बगलेत घाम टिपणारी सुटी गादी धावदोऱ्याने टाचते.

आणि दंड. दंड झाकायचे म्हणून बायका घट्ट लांब बाही मागतात, आणि घट्ट बाहीतच दंड जास्त जाड दिसतो. एकदा एका ५२ वर्षांच्या बाईंचा ड्रेस मी शिवला होता. उभ्या राहिल्यावर एक चुणी नव्हती. मी खूश, त्या खूश. निघताना त्यांनी सोबत आलेल्या मुलीला मिठी मारायला हात उचलले आणि मुंढ्यापाशी, म्हणजे बाही जिथे जोडतात तिथे, करकर आवाज झाला. टीप निघाली होती. त्या एकदम हात खाली घेऊन म्हणाल्या, "राहू दे, त्या दिवशी मी हात नाही उचलणार." आपल्याच लग्नाच्या दिवशी हात उचलायचे नाहीत! मी बाही उसवली, बगलेत चौकोनी कळी, म्हणजे कापडाचा जादा तुकडा, घातली आणि मुंढा वर घेतला. मुंढा खोल असला की हात मोकळा होतो असा समज आहे, होतं उलटं. मुंढा बगलेच्या जितका जवळ तितका हात वर जातो आणि ड्रेस जागेवर राहतो. तेव्हापासून माझ्याकडे शेवटचं फिटिंग मिठी मारून होतं. सोबत आलेल्या माणसाला मारा, कुणी नसेल तर मला मारा.

तुमच्यासाठी मी कोपराच्या जरा खाली येणारी, सैलसर, पातळ कापडाची बाही सुचवेन, किंवा बिनबाह्यांच्या ड्रेसवर त्याच कापडाचा लांब, अस्तर नसलेला कोट. कोटाचा आणखी एक फायदा आहे. विधी झाला की तो काढून ठेवायचा, ड्रेस वेगळाच दिसतो.

नऊ आठवडे पुरतात, पण सुरुवात या आठवड्यात करा. आधी मांजरपाटाचा कच्चा ड्रेस शिवून घ्या. चुका तिथे होऊ द्या, मांजरपाट उसवताना जीव जात नाही. मग खऱ्या कापडाची कच्ची शिलाई, मग पक्कं फिटिंग, आणि शेवटचं लग्नाआधी आठवडा-दहा दिवस. त्या दिवसात वजन एखाद-दोन किलो इकडेतिकडे होतंच, म्हणून बाजूच्या शिवणीत एक इंच माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडायला सांगा. त्या दिवशी घालायची चप्पल आणि आतले कपडे प्रत्येक फिटिंगला सोबत न्या. कापड उरेब, म्हणजे तिरकं, कापलेलं असेल तर खालची दुमड घालायच्या आधी ड्रेस निदान एक पूर्ण दिवस टांगून ठेवायला लावा. उरेब कापड स्वतःच्या वजनाने लोंबतं, नाही टांगलं तर लग्नात एका बाजूने लांब दिसेल.

मावशींना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी असते तर पत्रिकेबरोबर मांजरपाटाच्या फिटिंगचंही आमंत्रण दिलं असतं.

प्रश्न : नमस्कार ताई. माझे पती चार वर्षांपूर्वी गेले. मी ३८ वर्षांची आहे. आता पुन्हा लग्न ठरलं आहे, माणूस फार समजूतदार आहे. माझा पहिल्या लग्नाचा रेशमी ड्रेस सासूबाईंनी जपून ठेवला आहे. (आम्ही अजूनही मायलेकींसारख्या राहतो.) त्यातलं काहीतरी नव्या पोशाखात असावं असं मला फार वाटतं, पण हे विचित्र तर होणार नाही ना? आणि तो कापावा की नको, हे समजत नाही.

उत्तर : विचित्र मुळीच नाही. वर व्हिक्टोरियाच्या लेसचा उल्लेख केला आहे, तीच आठवली. लग्नानंतर तिने ती लेस पेटीत बंद करून ठेवली नाही. वेगवेगळ्या प्रसंगी पुन्हा पुन्हा वापरली. १८६१ मध्ये नवरा अल्बर्ट गेला आणि ती मरेपर्यंत काळ्या कपड्यांत राहिली, पण १८८५ मध्ये धाकटी मुलगी बिॲट्रिसचं लग्न झालं तेव्हा तिने तिला स्वतःच्या लग्नातली लेस आणि जाळी घालायला दिली. १९०१ मध्ये तिला पुरलं तेही लग्नाची ती जाळी चेहऱ्यावर घेऊन. एकच जाळी किती प्रसंगांना पुरली बघा. तुमच्या ड्रेसमधला तळहाताएवढा तुकडा नव्या लग्नात येऊ शकतो.

कात्रीच्या आधी दोन गोष्टी करा. नव्या जोडीदाराला स्पष्ट सांगा, 'चालेल का' असं नको, 'मला हे असं करायचं आहे, तुला कसं वाटतं' असं. आणि सासूबाईंशी बोला. ड्रेस तुमचा असला तरी चार वर्षं घडी त्या बदलत आल्या आहेत. त्यांना कापलेला ड्रेस आधी दिसू नये.

मग ड्रेस उजेडात उघडा. जुनं रेशीम घडीवर विरतं, म्हणून घडीच्या रेषा आधी तपासा. आतल्या शिवणीतली माया दोन बोटांत धरून अगदी हलके ताणा. धागे सरकले किंवा बारीक फाटल्याचा आवाज आला तर ते कापड आता ताण सोसणार नाही, ते फक्त मजबूत कापडावर बसवून वापरायचं. बगलेत आणि गळ्याशी पिवळे डाग असतील तर त्यांवर इस्त्री फिरवू नका, उष्णतेने डाग पक्का होतो. आधी जाणत्या माणसाकडून स्वच्छ करून घ्या. आणि पुढचा भाग, गळा, भरतकाम यांना हात लावूच नका. ड्रेसच्या तळाच्या दुमडीत आत बरंच कापड असतं. तिथून पट्टी काढली तर ड्रेस बाहेरून होता तसाच राहतो, दुमड फक्त अरुंद होते. सासूबाईंना तो होता तसा परत देता येईल.

ती पट्टी कुठे लावायची? माझं मत, आतून. अस्तरावर, डाव्या बाजूला कमरेच्या जरा वर, जिथे हात सहज टेकतो. बाहेर लावली तर त्या दिवशी पाहुणे विचारणार आणि दर वेळी तुम्हाला ती गोष्ट सांगावी लागणार. नव्या माणसासाठीही ते जड जाईल. आत लावली की ती तुमची राहते. मी अशी पट्टी एका बाईंच्या ड्रेसला लावली होती. चारही कडा आत दुमडून, त्याच ड्रेसमधून उसवलेल्या जुन्या धाग्याने, इतक्या बारीक टाक्यांनी की बोटाला शिवण लागू नये. ड्रेस घालताना त्यांनी हात आत घालून ती चाचपली, मग चेन वर ओढायला सांगितली. त्यावर आम्ही दोघी काही बोललो नाही.

पट्टी लावायचं काम जमलं तर सासूबाईंकडून करून घ्या. त्यांचे डोळे आणि हात साथ देत असतील तर.

प्रश्न : मी पुरुष वाचक, वय ५०. माझंही हे दुसरं लग्न. पहिल्या लग्नातला सूट अजून अंगाला येतो, उत्तम कापड आहे. तोच घालावा म्हणतो. होणाऱ्या पत्नीला हे अजून सांगितलेलं नाही.

उत्तर : न सांगता घालू नका. जुन्या छायाचित्रांत तो सूट असणार, आणि कधीतरी तुमच्या पत्नी दोन्ही लग्नांचे फोटो शेजारी ठेवून बघणार. सांगितल्यावर त्या मनापासून हो म्हणाल्या तर गोष्ट वेगळी. पण त्या 'चालेल की' म्हणताना क्षणभर थांबल्या तर नवा शिवा.

आणि 'अंगाला येतो' म्हणजे काय ते एकदा तपासा. कोट घालून दोन्ही हात पुढे करा, जणू गाडीचं स्टेअरिंग धरलं आहे. पाठीवर आडवी ओढ पडली किंवा कॉलर मानेपासून सुटून मागे उभी राहिली तर तो येत नाही. पँटची कंबर आणि बाहीची लांबी दुरुस्त होते, खांदा मात्र जवळजवळ नाहीच. खांदा बदलायचा म्हणजे बाही, अस्तर, पॅड सगळं उसवून कोट नव्याने बांधायचा, त्यापेक्षा नवा बरा. नवा शिवलात तर रंग ठरवण्याआधी होणाऱ्या पत्नीच्या ड्रेसचा एक तुकडा शिंप्याकडे न्या. त्या मोतिया घालणार असतील तर तुमचा सदरा शुभ्र पांढरा नको. शेजारी उभे राहिलात की त्यांचा ड्रेस मळकट दिसेल.